विश्लेषण : जुनी गाडी ‘स्लो’ला का बंद पडते? पार्ट बदलण्याआधी काय तपासावे?

प्लग बदलले, थ्रॉटल साफ केला, सेन्सरही नवा टाकला; तरी चौकात थांबली की गाडी थरथरते आणि बंद पडते. आयडलचा हा दुखणाईतपणा बहुतेक वेळा पार्ट महाग असल्यामुळे नव्हे, तर तपासणीचा क्रम चुकल्यामुळे लांबतो.

मांजरसुंब्याचा घाट उतरून बीड शहरात शिरलेली जुनी मोटार पहिल्याच चौकात उभी राहते आणि इंजिन हेलकावे खाऊ लागते. आवाज चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. चालक पायाच्या पुढच्या भागाने ब्रेक आणि टाचेने रेस सांभाळत राहतो. पुढची वाट मोकळी होते, तेव्हा नेमके इंजिन बंद पडलेले असते आणि मागे हॉर्नचा गलका सुरू होतो. ‘एमएच २३’ असो की ‘एमएच ४४’, पंधरा-वीस वर्षे जुन्या गाड्यांच्या मालकांना हे दृश्य नवे नाही.

बीडमध्ये हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. बीड शहरात प्रवासी रेल्वे पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. त्याआधीची कित्येक दशके आणि आजही बहुतेक गावांचा भार रस्त्यावरच आहे. बाजारात भाजी नेणारी, लग्नाला जाणारी आणि मध्यरात्री रुग्णाला अंबाजोगाईच्या ‘स्वाराती’ रुग्णालयात पोहोचवणारी गाडी एकच असते आणि ती बहुधा जुनीच असते. ती ऐनवेळी दगा देणार नाही ना, हा घरातला खरा प्रश्न असतो.

आयडल म्हणजे नेमके काय?

रेसवरचा पाय काढल्यावर इंजिन स्वतःला जिवंत ठेवण्यासाठी ज्या कमीत कमी वेगाने फिरते, तो आयडल. गॅरेजच्या भाषेत ‘स्लो’. बहुतेक छोट्या पेट्रोल मोटारींत गरम इंजिनाचा हा वेग मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेऱ्या असतो. या अवस्थेत थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते. हवा अगदी थोडी, पेट्रोलही अगदी थोडे. म्हणूनच बारीकशी गळती किंवा कचराही इथे जाणवतो. हमरस्त्यावर ८०च्या वेगात हवा इतकी मोठ्या प्रमाणात जाते की तोच दोष लपून जातो. ‘पळताना गाडी मस्त आहे, फक्त थांबल्यावर त्रास देते’ या तक्रारीचे उत्तर इथे आहे.

जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत हा वेग एका स्क्रूने ठरत असे. एमपीएफआय गाड्यांत तो संगणक, म्हणजे ईसीएम, ठरवतो. इंजिनचे तापमान, आत जाणारी हवा, एसी सुरू आहे की नाही हे पाहून तो आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह कमी-जास्त उघडतो. म्हणजे कार्बोरेटरच्या काळातला ‘स्क्रू अर्धा आटा पिळा’ हा उपाय इथे इलाज ठरत नाही. तो फक्त आजार झाकतो. काही दिवसांनी गाडी सकाळी नको इतकी रेस घेते आणि दुपारी पुन्हा बंद पडते.

बिघाड सापडत का नाही?

कारण आयडल बिघडणे हा आजार नाही, ते लक्षण आहे. तापासारखे. हवा, इंधन, ठिणगी, कॉम्प्रेशन आणि नियंत्रण या पाचांपैकी कुठेही दोष असला, तरी बाहेर दिसते ते थरथरणेच. म्हणून ‘माझ्या मेव्हण्याच्या गाडीला अमुक सेन्सर टाकला आणि बरी झाली’ हा सल्ला तुमच्या गाडीला लागू पडेलच असे नाही.

पहिले काम म्हणजे गाडीची हकिकत नोंदवणे. त्रास थंड इंजिनाला होतो की गरम झाल्यावर? एसी लावला की वाढतो? पेट्रोलवर होतो की गॅसवर? पावसात? टाकी भरल्यानंतर लगेच? वेग कमी होऊन बंद पडते, की सतत वर-खाली होते? या उत्तरांनी अर्धा तपास संपतो. थंड असताना त्रास आणि गरम झाल्यावर आराम असेल, तर संशय तापमान सेन्सर किंवा अडकलेल्या आयडल व्हॉल्व्हवर जातो. फक्त एसीला त्रास असेल, तर जादा ओझे पेलण्यासाठी आयडल वाढवणारी यंत्रणा तपासावी लागते.

तपासणीचा योग्य क्रम कोणता?

साधा नियम असा : आधी फुकटचे, मग स्वस्त, शेवटी महाग.

१. डोळ्यांनी पाहणी. एअर फिल्टर काढून उजेडात धरा. मराठवाड्यातील उन्हाळ्याच्या धुळीत आणि कच्च्या रस्त्यांवर तो कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरआधीच तुंबतो. बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंगची वायर आणि कूलंटची पातळी पाहा. कूलंट कमी असेल, तर तापमान सेन्सर चुकीची खबर देतो आणि संगणक चुकीचे मिश्रण ठरवतो. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हाही उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा नेहमीचा रोग आहे.

२. हवेची गळती. जुन्या गाडीत सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा दोष हाच. इंजिनच्या उष्णतेने रबरी नळ्या कडक होतात, तडकतात. ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्ही व्हॉल्व्हची नळी, इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट ही ठरलेली ठिकाणे. न मोजलेली हवा आत शिरली की काही गाड्यांत आयडल चढून राहतो, काहींत इंजिन अडखळते. कान देऊन ‘स्स्स’ असा आवाज येतो का ते ऐकावे. संशयित जागी साबणाचे पाणी थोडे फवारल्यावर आवाज किंवा वेग बदलला, तर गळती सापडली. वायरिंग आणि कॉईलपासून पाणी दूर ठेवावे. गरम इंजिनावर पेट्रोल किंवा ज्वालाग्राही स्प्रे मारून गळती शोधण्याचा प्रकार मात्र आगीला आमंत्रण आहे.

३. थ्रॉटल बॉडी. तेलाची वाफ आणि धूळ मिळून झडपेच्या कडेला काळा थर बसतो. योग्य क्लीनर आणि मऊ कापडाने तो निघतो. साफ केल्यानंतर अनेक गाड्यांत संगणकाला आयडल पुन्हा ‘शिकवावा’ लागतो. ही पायरी वगळली तर साफसफाईनंतर गाडी आणखीच बिघडल्यासारखी वाटते आणि चांगला व्हॉल्व्ह उगाच बदलला जातो.

४. ठिणगी. प्लग काढून पाहणे हा स्वस्त एक्स-रे आहे. फिकट तपकिरी रंग ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. तेलकट प्लग म्हणजे इंजिन ऑइल आत जाते आहे. चारांपैकी एकच प्लग वेगळा दिसत असेल, तर दोष त्या सिलिंडरपुरता आहे.

५. स्कॅनर. साधारण २०१० नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडी सॉकेट असते. स्कॅनरवर ‘ऑक्सिजन सेन्सर’ असा कोड आला, म्हणजे सेन्सर खराब असेच नाही. हवेच्या गळतीमुळेही तोच कोड येतो. इंजिन सुरू असताना दिसणारे जिवंत आकडे वाचता येणारा मिस्त्री कोडपेक्षा मोलाचा.

६. कॉम्प्रेशन आणि टॅपेट. वरचे सर्व ठीक असेल तरच इकडे वळावे. आणि एक सोपी गफलत : काटा स्थिर आहे, पण गाडी हादरते, तर दोष आयडलचा नसून बसलेल्या इंजिन माउंटिंगचा असू शकतो.

पीयूसीची पावती काय सांगते?

डॅशबोर्डच्या खणात पडलेला हा कागद आपण फक्त पोलिसांना दाखवतो. प्रत्यक्षात पेट्रोल गाडीची ही चाचणी आयडलवरच घेतली जाते. त्यावर दोन आकडे असतात : कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. बीएस-२ आणि बीएस-३ मोटारींसाठी मर्यादा अनुक्रमे ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम, तर बीएस-४ साठी ०.३ टक्के आणि २०० पीपीएम आहे. कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल, तर मिश्रणात पेट्रोल जास्त जाते आहे. फिल्टर, इंजेक्टर, तापमान सेन्सर पाहा. हायड्रोकार्बनच तेवढे जास्त असेल, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे. ठिणगी, गळती किंवा व्हॉल्व्हकडे बोट जाते. अर्थात, नळी सायलेन्सरमध्ये खरोखर घालून चाचणी झाली असेल तरच या आकड्यांना अर्थ आहे. मागच्या दोन-तीन पावत्या मिस्त्रीसमोर ठेवा.

ई-२० पेट्रोलचा दोष किती?

ज्या उसाच्या फडात बीडचे लाखो हात राबतात, त्याच उसापासूनही होणारे इथेनॉल आज पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळले जाते. जुन्या गाडीच्या प्रत्येक दुखण्याचे खापर त्यावर फोडणे चूक. पण त्याचा काहीच परिणाम नाही म्हणणेही चूक. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते आणि ते पाणी शोषते. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी मिश्रण बऱ्याच अंशी जुळवून घेते, कार्बोरेटरची गाडी घेऊ शकत नाही. जुन्या टाकीतील गाळ सुटून फिल्टर तुंबू शकतो. मायलेज ई-१० साठी बनलेल्या व ई-२० साठी जुळवलेल्या मोटारींत एक ते दोन टक्के आणि इतर गाड्यांत सुमारे तीन ते सहा टक्के घटू शकते, तसेच काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केले. मग हा खर्च जुन्या गाडीच्या मालकानेच का सोसायचा आणि त्याला साध्या पंपावर दुसरा पर्याय का नसावा, हा प्रश्न रास्त आहे. तोवर फ्यूएल फिल्टर वेळेवर बदलणे आणि गाडी महिनोन्‌महिने उभी न ठेवणे एवढे आपल्या हातात आहे.

गॅस किट आणि डिझेल गाड्यांचे काय?

सीएनजी किंवा एलपीजी किट असेल, तर आधी गाडी पेट्रोलवर चालवून पाहा. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर त्रास, तर दोष किटच्या सेटिंगमध्ये किंवा गॅस फिल्टरमध्ये. दोन्हीवर त्रास, तर तो इंजिनात. जुन्या डिझेल जीपमध्ये ठिणगीचा प्रश्नच नाही. तिथे आयडल हेलकावू लागला की पहिला संशय फिल्टरमधील पाणी किंवा हवा घेणाऱ्या डिझेल लाइनवर घ्यावा.

दुर्लक्ष केले तर?

घाटात रेस सोडताच इंजिन बंद पडले, तर पॉवर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेक बूस्टरमधील व्हॅक्यूम एक-दोन दाबांत संपतो. त्यानंतर ब्रेक लागतो, पण पूर्ण ताकद लावावी लागते. अशा वेळी पेडल पुन्हा पुन्हा मारू नये. एकदाच जोर लावून दाबून धरावे, गिअर खालचा ठेवावा आणि गाडी कडेला थांबवावी. ब्रेक दाबल्यावरच आयडल बदलत असेल, तर बूस्टर गळतो आहे असे समजून त्याच दिवशी दाखवावे.

पैसे कुठे खर्च करावेत?

आपल्याकडे ग्राहक पार्टचे दोन हजार निमूट देतो, पण ‘तपासणीचे तीनशे’ म्हटले की भांडतो. ‘नुसते बघायचे कसले पैसे?’ मग मिस्त्रीही तेच करतो ज्याचे पैसे मिळतात : पार्ट बदलतो. एक नाही लागू पडला, तर दुसरा. यात सगळा दोष गॅरेजचा नाही. आयटीआयमध्ये दोन वर्षे मेकॅनिक मोटर व्हेईकल शिकून आलेल्या मुलाने एक तास लावून गळती शोधली आणि वीतभर नळी बदलली, तर त्याच्या हाती काय पडते? निदानाला मोल नसेल, तर निदान करणारे हात तयार होणार नाहीत.

म्हणून पुढच्या वेळी गॅरेजला जाताना गाडीची हकिकत कागदावर लिहून न्या, पीयूसीच्या पावत्या सोबत ठेवा आणि तपासणीची मजुरी आधीच ठरवा. पार्ट बदलण्याआधी ‘हाच खराब आहे हे कशावरून?’ एवढे नम्रपणे विचारा. एका वेळी एकच पार्ट बदला आणि जुना परत मागून घ्या. रात्री दीड वाजता अंबाजोगाईच्या वाटेवर गाडी चालू राहिली, तर तपासणीला दिलेले तीनशे रुपये वसूल झाले.