परीक्षेची फी कोण भरणार?

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्या आपल्या मुलीला परदेशात रेसिडेन्सी करायची असेल तर? कॅनडाच्या कार्म्स निवडप्रक्रियेत अर्ज करायलाच तिथलं नागरिकत्व किंवा कायम रहिवासाचा परवाना लागतो. अमेरिकेत ही अट नाही, पण यूएसएमएलईची फी डॉलरमध्ये. त्यात २०२२ पासून स्टेप १ ला गुणच नाहीत, फक्त पास-नापास. मग वजन कशाला? स्टेप २ च्या गुणांना, तिथल्या रुग्णालयातल्या अनुभवाला, तिथल्या डॉक्टरांच्या शिफारसपत्रांना. म्हणजे पैशाला आणि ओळखीला!

राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती आहे, पण ती विद्यापीठात प्रवेश मिळाल्यावर. रेसिडेन्सी ही पगारी नोकरी. खरा खर्च निवडीच्या आधीचा. तो त्या चौकटीत बसत नाही.

'बीडलाच डॉक्टर हवेत, बाहेर कशाला?' असं काहीजण म्हणतात. हा प्रश्न ज्यांची मुलं पिढ्यान्‌पिढ्या बाहेर जातात, त्यांना कुणी विचारतं का? १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. ते परतले आणि काय घडलं, हे सांगायला नको.

म्हणून मागणी सरळ आहे: बार्टी यूपीएससीची तयारी करून घेते, तशी यूएसएमएलईचीही घ्यावी आणि परीक्षेची फी भरावी. पुढच्या निवेदनात हा मुद्दा घाला.

जय भीम!