दुखापतीच्या हंगामातील नागपूर

गेल्या आठवड्यात बेसा येथील एका नव्या निवासी संकुलात बॅडमिंटनच्या कोर्टाचे उद्घाटन झाले, आणि भाषणे आटोपल्यानंतर जी गप्पांची बैठक जमली तिच्यात एका सुशिक्षित, सुस्थित आणि एरवी समंजस अशा गृहस्थांनी, हातात नव्या रॅकेट घेऊन उभ्या असलेल्या लहान मुलींच्या देखत, "मालविका आता संपली" असा निर्वाळा देऊन टाकला. कोणी प्रतिवाद केला नाही. उलट दोघाचौघांनी मान डोलावली. त्या वाक्याचा मला आलेला राग अद्याप ओसरलेला नाही, म्हणून मैदानांच्या आरक्षणाविषयीची लेखमाला एक आठवडा बाजूला ठेवून आजचा स्तंभ त्या निर्वाळ्याच्या फेरतपासणीस देत आहे.

नागपूरची बॅडमिंटनपटू मालविका बनसोड हिचा पूर्वेतिहास या स्तंभाच्या वाचकांना नव्याने सांगावयाचे कारण नाही. जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीच्या इंडिया ओपनमध्ये वयाच्या विसाव्या वर्षी तिने सायना नेहवालला २१-१७, २१-९ असे सरळ हरविले आणि दहाच दिवसांनी लखनौच्या सय्यद मोदी स्पर्धेची अंतिम फेरी ती पी. व्ही. सिंधूविरुद्ध खेळली, तेव्हा आपण सर्वांनी तिचे कौतुक केले. सप्टेंबर २०२४ मध्ये चायना ओपनमध्ये, पॅरिस ऑलिंपिकचे कांस्यपदक नुकतेच गळ्यात पडलेल्या इंडोनेशियाच्या ग्रेगोरिया मारिस्का तुंजुंगला तिने पहिल्याच फेरीत घरी धाडले आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली, तेव्हाही केले. आणि त्याच वर्षी जर्मनीतील हायलो ओपनचे उपविजेतेपद मिळाले तेव्हा नागपूरच्या वृत्तपत्रांनी तिची छायाचित्रे पहिल्या पानावर आणली. पुढे जून २०२५ मध्ये अमेरिकेतील यूएस ओपनमध्ये भर सामन्यात गुडघा दुखावला, सामना सोडावा लागला, काही काळ कोर्टापासून दूर राहणे भाग पडले. आणि जे शहर विजयाच्या दिवशी तिला आपली लेक म्हणत होते त्याच शहरातून आता असले निर्वाळे ऐकू येऊ लागले आहेत.

वस्तुतः गुडघ्याच्या दुखापतीनंतर खेळाडू संपतो की नाही, याचा पुरावा नागपूरकरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात वरिष्ठ गटाची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिच्या महिला एकेरीच्या अंतिम सामन्यात सायनाने सिंधूला २१-१७, २७-२५ असे नमविले, आणि त्या दुसऱ्या गेमच्या शेवटच्या गुणांच्या वेळी त्या सभागृहात जे श्वास रोखून बसले होते त्यांतील कित्येकजण आज बेशात राहतात. ती सायना ऑगस्ट २०१६ मध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घेतलेली सायना होती. तिच्याविषयीही त्या काळी हेच बोलले गेले होते. शस्त्रक्रियेला सव्वा वर्ष होते न होते तोच तिने आपल्या शहरात राष्ट्रीय विजेतेपद मिळविले आणि पुढच्या वर्षी गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्णपदकही.

परंतु सायनाचे उदाहरण मला पुरेसे वाटत नाही, कारण तिच्यामागे आधी बंगळुरू आणि मग हैदराबाद उभे होते: प्रशिक्षक, सराव-सोबती, व्यायामतज्ज्ञ, आणि खेळाडूच्या पडत्या काळात काय करावयाचे असते हे अनुभवाने जाणणारी एक संपूर्ण वसाहत. आपल्या परिस्थितीशी ताडून पाहावे असे जे नाव या आठवड्यात माझ्या मनात पुनःपुन्हा आले ते दूरच्या मुलखातले आहे: तुर्कस्तानची नेस्लिहान यिगित.

उस्मानी सुलतानांची जुनी राजधानी आणि रेशमाची पेठ म्हणून ज्याची ख्याती त्या बुर्सा शहरी १९९४ साली जन्मलेली ही मुलगी २०१२ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, लंडन ऑलिंपिकच्या कोर्टावर उतरली आणि ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटन खेळणारी पहिली तुर्की व्यक्ती ठरली. तुर्कस्तानची कीर्ती मल्लांची आणि भारोत्तोलकांची. बॅडमिंटनची परंपरा तेथे जवळजवळ नव्हतीच, आणि त्यांचा राष्ट्रीय बॅडमिंटन महासंघ स्थापन झाला तो १९९१ साली. आपल्याकडे काय होते? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या खेळाचे प्रारंभीचे नियम पुण्याच्या छावणीत बांधले गेले, आणि त्याच पुण्यात प्रा. दि. ब. देवधरांच्या कन्यांनी चाळीसच्या दशकात, मुलींनी रॅकेट हाती धरणे हीच नवलाची गोष्ट असताना, राष्ट्रीय विजेतेपदे घरी आणली. भारतीय महासंघ १९३४ चा आहे. म्हणजे ज्या वेळी तुर्कस्तानने शाळेत नाव घातले त्या वेळी महाराष्ट्राने पदवी घेऊन दोन पिढ्या उलटल्या होत्या.

येथे न्यायाची एक बाब स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर तुलना खोटी ठरेल. नेस्लिहान तीन वेळा ऑलिंपिकला गेली, मालविका अद्याप एकदाही गेलेली नाही, एवढ्यावरून नेस्लिहान श्रेष्ठ असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. ऑलिंपिकच्या एकेरीत एका देशाला सामान्यतः एकच जागा मिळते. दोन खेळाडू जागतिक क्रमवारीत पहिल्या सोळांत असतील तरच दुसरी जागा मिळते. बुर्साच्या मुलीला आपल्या देशातील प्रथम क्रमांक आणि जगात बऱ्यापैकी स्थान एवढे पुरते. नागपूरच्या मुलीपुढे मात्र दोन ऑलिंपिक पदके मिळविलेली सिंधू उभी असते, आणि म्हणून तिला जगातील सोळांत शिरण्यावाचून गत्यंतर नसते. पॅरिसला भारताकडून महिला एकेरीत सिंधू एकटी गेली. जागतिक क्रमवारीत पहिल्या तिसांत पोहोचलेली मालविका एखाद्या लहान बॅडमिंटन-राष्ट्रात जन्मली असती तर आजवर ऑलिंपिकपटू म्हणून ओळखली गेली असती, यात मला शंका नाही.

मग ही तुलना मला इतकी बोलकी का वाटते? ती पदकांमुळे नव्हे, कारण ऑलिंपिक पदक नेस्लिहानलाही नाही. तुलनेचे मर्म वर्षांत आहे. लंडनला गेली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. २०२१ मध्ये भरलेल्या टोकियो ऑलिंपिकच्या वेळी सत्तावीस वर्षांची. आणि २०२४ मध्ये पॅरिसला, नेस्लिहान आरिन या नावाने, ती तीस वर्षांची होऊन उतरली. दरम्यान २०१६ ला रिओ येथे ती नव्हती. तेथे तुर्कस्तानकडून ओझगे बायराक खेळली. हा मधला रिकामा रकाना मला सर्वांत अधिक अर्थपूर्ण वाटतो. एका ऑलिंपिकची जागा सहकारी खेळाडूने घेतली, तरी नेस्लिहानसाठी दार बंद झाले नाही. ती थांबली, खेळत राहिली आणि नऊ वर्षांच्या अंतराने पुन्हा त्याच व्यासपीठावर आली. एवढा दीर्घ पल्ला व्यक्तीच्या जिद्दीवर गाठता येतो असे काहीजण म्हणतील, आणि मी जिद्दीचे महत्त्व नाकारीत नाही. परंतु खेळाडूच्या सावलीच्या काळात तिच्या सरावाची, प्रवासाची आणि उपजीविकेची तजवीज करणारे कोणीतरी मागे असल्याखेरीज जिद्दीलाही नऊ वर्षे तग धरता येत नाही, असा माझा दृढ समज आहे.

मालविकेच्या मागे कोण आहे? प्रथम तिचे घर आहे. आई-वडील दोघेही दंतवैद्य. मुलीच्या खेळाला शास्त्राचा आधार मिळावा म्हणून तिच्या मातोश्रींनी, व्यवसाय आणि संसार सांभाळून, क्रीडाशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. नंतर रायपूर आहे, जेथे संजय मिश्रा यांच्यासारख्या प्रशिक्षकाकडे तिने सराव केला. म्हणजे विदर्भातील एका मुलीस जागतिक दर्जाचे प्रशिक्षण हवे झाले तेव्हा ते राज्याची सीमा ओलांडून शोधावे लागले. यातील पहिली गोष्ट वंदनीय आहे, आणि दुसरी मला अस्वस्थ करते. ज्या घरी दोन सुशिक्षित वैद्य आहेत तेथे हे घडू शकले. बेशातल्या एखाद्या रिक्षाचालकाच्या किंवा गवंड्याच्या मुलीच्या अंगी तेवढेच गुण असतील तर तिच्या आईने कोणती पदवी घ्यावी आणि कोणत्या रायपूरला जावे?

बाहेर जाऊन घडण्याची ही गोष्ट विदर्भाला नवी नाही. लंडनच्या वेम्बली अरीनात, नेस्लिहान पदार्पण करीत होती त्याच दिवसांत, दुहेरीच्या कोर्टावर आपल्या विदर्भात जन्मलेली एक खेळाडू खेळत होती. ज्वाला गुट्टा १९८३ साली वर्ध्याला जन्मली. २०११ च्या जागतिक स्पर्धेत अश्विनी पोनप्पासह तिने मिळविलेले कांस्यपदक हे महिला दुहेरीतील भारताचे पहिले जागतिक पदक. पण ती वाढली, शिकली आणि घडली हैदराबादेत, आणि तिच्या यशाच्या दप्तरात वर्ध्याची नोंद जन्मस्थानाच्या रकान्यापुरती राहिली.

माझे जुने वाचक येथे ओळखतील की मी पुन्हा १९५३ च्या नागपूर करारावर येणार, आणि मी येतोच. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च करण्याचे जे अभिवचन त्या कराराने विदर्भाला दिले त्याचा अनुशेष आपण पाटबंधारे, रस्ते आणि नोकऱ्या यांत मोजतो. क्रीडांगणांचा, लाकडी जमिनीच्या सभागृहांचा आणि प्रशिक्षकांच्या पदांचा अनुशेष कोणी मोजत नाही. मानकापूरचे संकुल उत्तरेस कोरडी मार्गावर. बेसा शहराच्या दक्षिण टोकास. शाळा सुटल्यावर एखाद्या मुलीने रोज संपूर्ण नागपूर ओलांडून सरावास जावे आणि रात्री परतून अभ्यास करावा, ही अपेक्षा मला अमानुष वाटते. स्वामी समर्थांच्या मंदिरासाठी जे बेसा गाव परिचित होते त्याची पाहता पाहता नगरपंचायत झाली, शेतांच्या जागी इमारती आल्या, आणि जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत बॅडमिंटन कोर्टाचे आश्वासन आले. ते कोर्ट म्हणजे उघड्या आकाशाखाली सिमेंटच्या फरशीवर ओढलेल्या पांढऱ्या रेघा!

या सिमेंटविषयी मी पोटतिडकीने लिहितो याचे कारण गुडघा हेच आहे. मागच्या कोपऱ्यात उलट्या हाताच्या बाजूस गेलेले फूल डोक्यावरून मारण्यासाठी खेळाडू उडी घेते आणि बहुधा एका पायावर उतरते. त्या क्षणी सगळ्या शरीराचा भार आणि पीळ एका गुडघ्यावर येतो, आणि अस्थिबंध फाटण्याचे प्रसंग याच हालचालीत वारंवार घडतात. स्पेनच्या कॅरोलिना मारिनचे दोन्ही गुडघे या खेळाने घेतले, आणि पॅरिसच्या उपांत्य सामन्यात आघाडीवर असताना तिला अश्रू ढाळीत कोर्ट सोडावे लागले. उत्तम लाकडी जमिनीवर, कृत्रिम चटईवर खेळूनही जर हे घडते, तर दहा-बारा वर्षांच्या वाढत्या हाडांना रोज सिमेंटवर उड्या मारावयास लावून आपण काय पेरीत आहोत, याचा विचार उद्घाटनाची फीत कापणाऱ्यांनी करावयास हवा. मोकळ्या हवेत फूल वाऱ्याने भरकटते, मे महिन्याच्या उन्हात तर खेळ शक्यच नसतो. म्हणजे तंत्र येत नाही आणि गुडघा मात्र झिजतो.

म्हणून बेसा-पिपळा नगरपंचायतीस माझी दरखास्त आहे. नव्या वस्त्यांच्या मंजुरीत सार्वजनिक उपयोगासाठी म्हणून जी जागा सुटते तिच्यातील एका जागेवर चार कोर्टांचे बंदिस्त सभागृह बांधावे. त्याची जमीन लाकडी असावी, छत उंच असावे, शुल्क गवंड्याच्या मुलीस परवडेल एवढे असावे, आणि एक पगारी प्रशिक्षक व आठवड्यातून काही तास येणारा भौतिकोपचारतज्ज्ञ यांची तरतूद अंदाजपत्रकात पहिल्या वर्षापासून असावी. तुर्कस्तानने १९९१ मध्ये महासंघ काढला आणि एकवीस वर्षांनी पहिली ऑलिंपिकपटू पाठविली. आपणही तेवढा धीर धरण्यास सिद्ध असले पाहिजे.

आणि वाचकांस विनंती एवढीच की, मालविका बनसोड अद्याप पंचविशीच्या आसपास आहे, नेस्लिहानने तिसरे ऑलिंपिक तिसाव्या वर्षी खेळले आहे. तेव्हा आपल्या घरातल्या, शेजारच्या, नव्या रॅकेट घेतलेल्या मुलींसमोर यापुढे कोणी ती संपल्याचे सांगू लागले, तर गप्प बसू नका.