सहलीची वही : इग्वासू – आधी माणसं, मग तारखा

मंडळी, गेल्या दिवाळी अंकात याच पानावर आपण यलोस्टोनची आखणी केली होती. यंदा वहीचं पान जरा लांबच्या सहलीसाठी उघडते आहे. ठिकाण आहे इग्वासूचे धबधबे, म्हणजे आर्जेन्टिना आणि ब्राझील यांच्या सीमेवरचं उपोष्ण कटिबंधातलं घनदाट जंगल आणि त्यात सुमारे २.७ किलोमीटर रुंदीत कोसळणारी एक अख्खी नदी. पाणी कमीजास्त होतं तशी धारांची संख्या बदलते, पण साधारण २७५ धरतात. सगळ्यांत उंच उडी सुमारे ८० मीटरची, तिचं नाव ‘गर्गान्ता देल दियाब्लो’, सैतानाचा घसा. ‘इग्वासू’ हा शब्द तिथल्या ग्वारानी लोकांचा, अर्थ सरळ आहे : मोठं पाणी.

मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. हे धबधबे ज्या काळ्या दगडावरून पडतात तो बेसाल्ट आहे, आपल्या सह्याद्रीसारखाच लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला. तिथला सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीचा, आपला दख्खनचा सुमारे साडेसहा कोटी. म्हणूनच तिथेही पाणी पायऱ्यापायऱ्यांनी उतरतं. आमच्या मुलीला हे सांगितल्यावर तिचा प्रश्न होता, “म्हणजे आजीच्या गावासारखंच?” हो, पण आजीच्या गावाला जायला व्हिसा लागत नाही आजीला!

आता मुद्द्यावर येते. आपण सहल ठरवतो ती तिकिटांच्या किमती बघून. इग्वासूला हा क्रम उलटा करावा लागतो. आधी माणसं, मग तारखा, तिकिटं सगळ्यांत शेवटी. मी वहीत सहा रकाने आखले, कारण आम्ही सहाजण : दोन मुलं, आम्ही दोघं आणि सहा महिन्यांसाठी आलेले सासूसासरे.

पहिली ओळ पासपोर्टची. अमेरिकन पासपोर्टवाल्या मुलांना आर्जेन्टिनाचा व्हिसा लागत नाही, ब्राझीलचा मात्र एप्रिल २०२५पासून ई-व्हिसा लागतो. भारतीय पासपोर्टवाल्यांचे नियम वेगळे आणि बदलते, तेव्हा दोन्ही वकिलातींच्या संकेतस्थळांवर स्वतः वाचा, मैत्रिणीच्या अनुभवावर जाऊ नका. आणि जाण्याइतकाच परत येण्याचा विचार करा. एच-वन किंवा एच-फोरवर असाल आणि पासपोर्टातल्या स्टॅम्पची मुदत संपली असेल, तर कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या फेरीला जी सवलत मिळते ती दक्षिण अमेरिकेला नाही. आईवडिलांचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा असला, तरी परतताना त्यांना पुन्हा इमिग्रेशनच्या खिडकीसमोर उभं राहायचं असतं आणि पुढचा मुक्काम किती ते तो अधिकारी ठरवतो.

दुसरी ओळ लशीची, आणि आमची खरी परीक्षा तिथेच झाली. इग्वासूच्या भागात पीतज्वराचा धोका असल्यामुळे जाण्याआधी किमान १० दिवस लस घ्यावी असा सल्ला देतात. शिवाय ब्राझील आणि आर्जेन्टिना दोन्ही देश भारताच्या पीतज्वराच्या यादीत आहेत. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत लशीच्या दाखल्याशिवाय भारतात उतरलात तर विलगीकरणात ठेवू शकतात. आईवडील सहलीनंतर लगेच मायदेशी परतणार असतील तर ही ओळ लाल पेनाने लिहा.

ही लस जिवंत विषाणूची असते. साठीच्या पुढच्यांना पहिल्यांदा देताना डॉक्टर जास्त काळजी घेतात, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर देत नाहीत. सासूबाई ६६ वर्षांच्या. ट्रॅव्हल क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना तपासलं, धोका नीट समजावला, निर्णय त्यांच्यावर सोडला. सासूबाईंनी पदर खोचला आणि दंड पुढे केला. सासऱ्यांना आमवात आहे, त्याची गोळी त्याच जातीची. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, लस नाही, आणि लशीशिवाय त्या जंगलात जाऊ नका.

खरं तर या सहलीचा हट्ट सासऱ्यांचाच होता. पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढलेला माणूस. त्यांना धबधब्यापेक्षा इताइपू बघायचं होतं. इग्वासूपासून जवळच, पाराना नदीवर ब्राझील आणि पराग्वे यांनी मिळून बांधलेलं हे धरण. वीजनिर्मितीची क्षमता १४,००० मेगावॉट. आपल्या कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून १,९६०. हे आकडे ते मुलांना पाढ्यांसारखे ऐकवत. याच धरणाच्या पाण्यात १९८२ साली ‘सेते केदास’ नावाचे प्रचंड धबधबे कायमचे बुडाले, हेही त्यांनीच सांगितलेलं.

क्लिनिकमधून घरी येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. रात्री मी म्हटलं, “बाबा, सहल रद्द करू. हवाईला जाऊ सगळे.” ते म्हणाले, “माझ्यासाठी थांबू नका.” मी म्हटलं, तुमच्याशिवाय जाण्यात काय मजा? त्यावर ते सासूबाईंकडे बघून म्हणाले, “चाळीस वर्षं ही माझ्या बदल्यांमागे फिरली. एकदा तिची सहल होऊ दे.” सासूबाई लगेच म्हणाल्या, “मी नाही हो जायची एकटी.” दोन दिवस घरात हाच विषय होता.

शेवटी वाट नकाशात सापडली. ब्युनोस आयरेस शहरासाठी पीतज्वराची लस सुचवत नाहीत. म्हणून आखणी अशी झाली : सहाजण मिळून ब्युनोस आयरेसला पाच दिवस. मग नवरा आणि सासरे तिथेच थांबणार, आणि सासूबाई, मी, दोन्ही मुलं चार रात्रींसाठी इग्वासूला. विमानाने जेमतेम दोन तास. लग्नानंतर पहिल्यांदाच सासूबाई सासऱ्यांना मागे ठेवून कुठे जाणार आहेत. सध्या त्या रोज संध्याकाळी सोसायटीच्या तळ्याला दोन फेऱ्या मारतात, गुडघ्यांना सवय म्हणून.

त्यांच्या चालीनेच बाकीचे दिवस बसवले. आर्जेन्टिनाच्या बाजूला धबधब्याच्या अंगाखांद्यावर फिरता येतं, ब्राझीलच्या बाजूने त्याचं पूर्ण रूप दिसतं. दोन्हींना एकेक दिवस हवाच. आर्जेन्टिनाच्या उद्यानात छोटी रेल्वे आहे. तिच्या शेवटच्या स्थानकापासून सैतानाच्या घशापर्यंत नदीवरून सुमारे १.१ किलोमीटरचा सपाट पूल आहे, तेवढंच परत. वरच्या वाटेला पायऱ्या नाहीत, खालच्या वाटेला आहेत. तेव्हा आजी वर, मुलं आणि मी खाली. ब्राझीलकडे उद्यानाच्या बसने जायचं, थोडी पायवाट आणि शेवटी लिफ्ट. तिसरा दिवस इताइपूचा. एक दिवस मुद्दाम मोकळा ठेवलाय, कारण नदी आपल्या तारखांना बांधलेली नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये नेहमीच्या सेकंदाला १५ लाख लिटरऐवजी २ कोटी ४० लाख लिटर पाणी आलं आणि पूल बंद करावे लागले होते.

महिना मार्चअखेरचा, शाळेच्या सुट्टीतला. तिकडे तेव्हा उन्हाळा ओसरून शरद ऋतू सुरू झालेला असतो. डिसेंबर-जानेवारीत उकाडा आणि गर्दी दोन्ही फार. पाऊस मात्र बारा महिने, तेव्हा पातळ रेनकोट, कपड्यांचा एक जादा जोड, फोनला प्लॅस्टिकची पिशवी आणि डासांचं मलम हाताशी हवं. कोआटी नावाचे लांब नाकाचे प्राणी खाण्याच्या पिशव्यांवर झडप घालतात, चावतातही. मुलांच्या हातात चिवड्याची पुडी देऊ नका.

खाण्याची काळजी नको. तिकडे मांदिओका म्हणजे कसावा सगळीकडे मिळतो, ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तोच कंद. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचाच, हे कळल्यावर सासूबाईंनी उपासाचा प्रश्न निकालात काढला. त्याच्याच पिठाचे चीज घातलेले ‘चिपा’ नावाचे पाव मिळतात, पण त्यात बहुधा अंडं असतं, विचारून घ्या.

तिकिटं अजून काढलेली नाहीत. ब्राझीलच्या व्हिसाचं उत्तर आलं की काढू. दरम्यान सासऱ्यांनी वहीचं एक पान माझ्याकडून मागून घेतलं आणि नातीसाठी इताइपूत विचारायचे अकरा प्रश्न लिहून दिले. पहिलाच प्रश्न आहे : “पूर आला की दरवाजे उघडायचा हुकूम कोण देतं, ब्राझील की पराग्वे?” उत्तरं लिहायला खाली चार-चार ओळी मोकळ्या सोडल्या आहेत.