हौदा कापा, पण चासीला हात लावू नका



सध्या माझं पोस्टिंग कुंभकोणमला आहे. मूळ ट्रेड ईएमईचा, व्हेईकल मेकॅनिक. इथे एनसीसी बटालियनमध्ये पीआय स्टाफ म्हणून आलोय. सकाळी कॅडेट्सची परेड, दुपारी कागदपत्रं, संध्याकाळी डिग्री कॉफी. एका बाजूला कावेरी, दुसऱ्या बाजूला अरसलार आणि मधे हे गाव. देवळं इतकी की पत्ता विचारला तर माणसं गोपुराकडे बोट दाखवतात. बारा वर्षांनी महामहमचा मेळा भरतो, मागचा २०१६ ला झाला, पुढचा २०२८ ला. देवळांभोवतीच्या मोठ्या रथवीथी सोडल्या तर आतल्या गल्ल्या मात्र बैलगाडीच्या मापाच्या. दोन्ही बाजूंना घरांचे ओटे, त्यावर बसलेली म्हातारी माणसं, आणि मधून पितळेची भांडी, केळीची पानं, विड्याची पानं वाहणारे छोटे टेम्पो.

अशाच एका गल्लीत माझे घरमालक राहतात. मद्रास रेजिमेंटमधून निवृत्त झालेले सुभेदार साहेब. मला 'थंबी' म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. बोलणं आमचं फौजी हिंदीत. त्यांच्याकडे एक जुनी पिकअप आहे, भांड्यांच्या व्यापाऱ्यांचा माल ने-आण करतात. एक दिवस जेवायला बोलावलं आणि पायसम वाढता वाढता म्हणाले, "थंबी, गाडीचा हौदा दीड फूट कापायचाय. गल्लीत वळत नाही. घरात वेल्डिंग मशीन आहे, ग्राइंडर आहे, तू आहेस. रविवारचं काम."

मी म्हणालो, "साहेब, मी नाही करणार."

त्यांचा चेहरा पडला. "ईएमईचा माणूस वेल्डिंगला घाबरतो?" असं हसत म्हणाले, पण ते त्यांना लागलं होतं हे मला कळलं. त्या रात्री मला झोप नीट लागली नाही. कारण साहेबांना न सांगितलेली एक गोष्ट माझ्याकडे होती. ती आज इथे सांगतो.

काही वर्षांपूर्वी सुट्टीवर गावी, कोरेगाव तालुक्यात, गेलो होतो. चुलतभावाची पिकअप होती, आल्याची पोती साताऱ्याला न्यायचा. शेतातला रस्ता अरुंद, मागचा भाग बांधाला घासायचा. म्हणाला, "दादा, तू एवढ्या मिलिटरीच्या गाड्या जोडतोस, माझं एवढं करून दे." केलं. हौदा कापला, मागची बाजू पुढे सरकवून जोडली. मग दिसलं की चासीचं शेपूट बाहेर राहिलंय. तेही कापलं. त्याबरोबर शेवटचा क्रॉस मेंबर गेला, म्हणून चॅनलचा तुकडा आणून पाट्याच्या मागच्या हँगरला लागूनच नवा आडवा बसवला आणि चारी बाजूंनी वेल्ड मारला. रंग लावल्यावर कंपनीतून आल्यासारखी दिसत होती. गावातल्या लोकांनी कौतुक केलं, मीही छाती फुगवून ड्युटीवर परत गेलो.

आठ महिन्यांनी फोन आला. भरलेल्या गाडीचा मागचा हँगर चासीसकट फाटला होता आणि गाडी ओढ्यात कलंडली होती. भाऊ वाचला, पण डाव्या पायात रॉड आहे आणि अजून उकिडवं बसता येत नाही. विमा कंपनीनं गाडीत परस्पर बदल केलाय म्हणून हात वर केले. पुढच्या सुट्टीत मी ती चासी पाहिली. चीर माझ्या वेल्डच्या टोकापासूनच निघाली होती आणि सरळ हँगरच्या रिव्हेटच्या भोकापर्यंत गेली होती. भावानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

तेव्हा घरगुती वेल्डिंगबद्दल माझं मत काय ते स्पष्ट सांगतो. हौदा वेगळा आणि चासी वेगळी. या दोन गोष्टींत लोक गल्लत करतात, मीही केली.

हौदा म्हणजे पत्र्याचा डबा. तो चासीवर बोल्टांनी बसवलेला असतो. तो कापणं हे चांगल्या फॅब्रिकेटरचं काम आहे आणि नीट होऊ शकतं. हौदा आधी गाडीवरून उतरवायचा. फाळक्याकडून न कापता मधला पट्टा काढायचा, म्हणजे फाळक्याची बिजागरी आणि कड्या मूळच्या राहतात. खालचे आडवे बेअरर आणि बोल्टांची भोकं चासीवरच्या जागांशी जुळतात का ते कापण्याआधी पाहायचं. पातळ पत्र्यावर सलग वेल्ड ओढला तर पत्रा पापडासारखा वाकतो, म्हणून लांब लांब टाके घालत, थंड होऊ देत जायचं. गॅल्व्हनाइज्ड पत्रा असेल तर जोडाजवळचा जस्ताचा थर घासून काढायचा, नाहीतर त्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप येतो. वर्कशॉपमध्ये नवशिक्यांना आलेला तो ताप मी पाहिलाय.

चासी हे दुसरंच प्रकरण आहे. शिडीसारखी ती चौकट रिकाम्या रस्त्यावरसुद्धा सतत पिळवटत असते. एक चाक खड्ड्यात गेलं की चौकट वळते, बाहेर आलं की सरळ होते. दिवसातून हजारो वेळा. हे पिळणं सहन व्हावं म्हणूनच ती तशी बनवलेली असते. तिच्यावर वेल्ड मारला की जोडाच्या आजूबाजूची पट्टी तापून तिचा गुण बदलतो आणि पिळण्याचा सगळा ताण त्या एका रेषेवर येऊन बसतो. त्यात चॅनलच्या पट्टीच्या कडेवर वेल्ड मारणं सगळ्यात वाईट, कारण ताण तिथेच जास्त. माझी चूक नेमकी हीच होती.

कुंभकोणमसारख्या ठिकाणी आणखी एक भानगड. इथे पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो आणि हवा एरवीही दमट. ताकदीच्या कामाच्या लो-हायड्रोजन कांड्या भट्टीत सुकवून, गरम ठेवून वापराव्या लागतात. घरात कोपऱ्यात पडलेल्या पाकिटातल्या कांडीनं ओल धरलेली असते. त्या ओलीतला हायड्रोजन जाड किंवा कडक पोलादात शिरतो आणि चीर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी पडते. म्हणजे तुम्ही संध्याकाळी हात फिरवून 'मस्त झालंय' म्हणता आणि चीर रात्री पडते, रंगाच्या खाली.

साहेबांना हे सगळं सांगून पटलं नसतं, म्हणून मी वेगळं केलं. कुंभकोणमजवळ स्वामीमलै आहे. तिथले स्थपती कावेरीच्या गाळाचा साचा करून पंचधातूच्या मूर्ती ओततात. मेणाचं काम सुरू करण्याआधी नारळाच्या झावळीची पट्टी घेतात, मूर्तीच्या उंचीएवढी कापतात आणि तिच्या घड्या घालून डोकं, धड, पाय यांची मापं ठरवतात. साहेबांना म्हणालो, "कापण्याआधी आपणही मोजू."

पहाटे पाच वाजता, गल्ली रिकामी असताना, साहेबांनी गाडी वळणात घातली आणि मी खडूनं खुणा करत गेलो. तीन वेळा केलं. समोरचा डावा कोपरा समोरच्या ओट्याला लागत होता. मागचं आतलं चाक कोपऱ्याच्या पायरीवर चढत होतं. आणि ज्या शेपटासाठी एवढा खटाटोप, ते भिंतीपासून वीतभर लांब होतं.

साहेब खाली उतरून बराच वेळ खुणांकडे बघत राहिले. गाडी किती जागेत वळते हे पुढच्या आणि मागच्या चाकातल्या अंतरावर आणि स्टिअरिंग किती वळतं त्यावर ठरतं. मागचं शेपूट कापलं म्हणून ते अंतर कमी होत नाही. ते कमी करायचं तर चासी दोन चाकांच्या मधे कापावी लागेल, प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकचे पाइप सगळं बदलावं लागेल. ते काम कुणीही घरी करू नये, मी तर नाहीच नाही. आणि छोटा झालेला हौदा मालकाला कमी भरायला शिकवत नाही. तोच माल उंच रचला जातो आणि गाडी वळणावर डोलायला लागते.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. आरसी बुकात नोंदलेली आणि कंपनीनं ठरवलेली माहिती जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

कायदा योग्य आहे, असं माझं मत. पण तक्रारही आहे. ज्याच्याकडे एकच जुनी गाडी आहे आणि जिच्यावर घर चालतं, त्यानं साधा हौद्याचा बदल कायदेशीर करायचा ठरवला तर कोणत्या खिडकीवर जायचं हे त्याला कुणी सांगत नाही. नामक्कल, करूरला ट्रक आणि बसच्या बॉड्या बांधणारे नावाजलेले कारागीर आहेत. त्यांच्यासारख्यांकडून काम, आरटीओची पाहणी, आरसीवर नोंद, असा छोट्या मालकाला झेपेल असा सरळ रस्ता हवा. तो नसला की माणूस घरातलं वेल्डिंग मशीन बाहेर काढतो.

पण रस्ता अवघड आहे म्हणून नियम नाही असं होत नाही. याच गावात १६ जुलै २००४ ला एका खासगी शाळेला आग लागली, ९४ मुलं गेली. छत झावळ्यांचं होतं. धोका रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि रोज चालून जात होतं. इथली माणसं अजून त्या दिवसाबद्दल आवाज खाली घेऊन बोलतात. 'चालतंय की' हे दोन शब्द मी तेव्हापासून कमी वापरतो.

माझ्या माजी सैनिक बांधवांना एक खास सांगणं. आपण निवृत्त होऊन गावी गेलो की लोक आपल्याकडे येतात. मोटार, विजेचं काम, पंप, वेल्डिंग. 'फौजी आहे, त्यानं केलंय' एवढ्यावर ते डोळे मिटून गाडीत बसतात. युनिटमध्ये आपल्या कामावर दुसऱ्याची तपासणी असते, लॉगबुक असतं, वरिष्ठांची सही असते. गावात यातलं काहीच नसतं, फक्त आपलं नाव असतं. म्हणून गावात काम करताना युनिटपेक्षा जास्त कडक राहायला हवं. नाही म्हणायला लाज वाटते, मान्य. मलाही वाटली होती, म्हणूनच मी भावाला हो म्हणालो होतो.

साहेबांचं काय झालं ते सांगतो. त्यांची दुसरी अडचण खरी होती. रात्री गाडी अंगणात लावली की शेपूट फूटभर गल्लीत राहायचं आणि अंधारात मोटारसायकलवाले धडकायचे. अंगणात पुढच्या भिंतीला लागून सिमेंटचा एक जुना, गळका हौद होता. दोन रविवार घणानं फोडला. गाडी आता पूर्ण आत जाते. गल्लीतला माल नाक्यावरून हातगाडीनं येतो आणि पुढे गाडी बदलायची वेळ आली की लहान, टाटा एससारखी घेणार म्हणतात.

हौद फोडताना मी त्यांना भावाच्या पायाची गोष्ट सांगितली. घण खाली ठेवून ते म्हणाले, "थंबी, हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

खरंच, पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. म्हणून इथे लिहिलं.

जय हिंद.