विक्रीचे घर आणि भाडेकरूचा हक्क

'फ्लॅट विकायचा आहे, महिन्याभरात खाली करा,' असा घरमालकाचा निरोप येताच दुबईतील आपली कित्येक कुटुंबे भयापोटी सामान बांधू लागतात. अशा चिंतेने वाढलेला रक्तदाब आम्ही वैद्यकीय व्यवसायात अनेकदा तपासला आहे. याचे मूळ कायद्याच्या अज्ञानात आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुबईच्या २००७ च्या २६ क्रमांकाच्या भाडे कायद्यात २००८ साली दुरुस्ती झाली. तीनुसार विक्रीसाठी घर रिकामे हवे असल्यास मालकाने कारण नमूद करून किमान १२ महिने आधी, नोटरीमार्फत वा नोंदणीकृत टपालाने सूचना दिली पाहिजे. तोंडी निरोपाला तेथे स्थान नाही. मालकी बदलली तरी ठरावीक मुदतीचा भाडेकरार अबाधित राहतो.

हा अवधी मुलांचे शालेय वर्ष पुरे होण्यास आवश्यक आहे. त्यास मालकाची मेहेरबानी समजू नये. बांधवांनी भाडे वेळेवर भरावे, करार 'इजारी'त नोंदवावा आणि निरोप आल्यास प्रथम रीतसर सूचनापत्र मागावे. तंटा झालाच, तर भाडे तंटा केंद्राचे दार ठोठावण्यास कचरू नये.