लिवून नेलंव, त्याचं का झालं जी?

या अंकासाठी आंधळगावात कोसा रेशीम विणणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो होतो. हातातली वही पाहून ते हसले. म्हणाले, "मागच्या खेपेले लिवून नेलंव, त्याचं का झालं जी?" आम्ही तर पहिल्यांदाच गेलो होतो. पण त्यांच्या लेखी वही घेऊन येणारा प्रत्येक जण विद्यापीठाचा. सूत कुठून आणता, मजुरी किती पडते, पोरं मागावर बसतात का, हे विचारून जाणारे त्यांनी पुष्कळ पाहिलेत.

४ ऑगस्ट १९२३ ला स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठानं शंभरी ओलांडली. अशा वेळी शोधनिबंध, पेटंटं, मानांकनं यांचे आकडे मांडले जातात. आकड्यांशी आमचं भांडण नाही. पण भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीहून विद्यापीठाकडे पाहताना आम्हाला आधी आठवते पवनी.

१९६९-७० मध्ये विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून तिथं उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली जगन्नाथ टेकडी आणि चांदकापूर इथले बौद्ध स्तूप उजेडात आले. जगन्नाथाची म्हणून जिला लोक हात जोडत, त्या टेकडीच्या पोटातून दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी दानलेख निघाले. धान आणि तलाव एवढीच ओळख असलेल्या आपल्या जिल्ह्याचं वय त्या खोदकामानं केवढं तरी वाढवलं! अहवाल विद्यापीठानंच १९७२ मध्ये छापला, इंग्रजीत. पवनीतल्या किती घरांत तो पोचला असेल, हे विचारायलाच नको.

दुसरी आठवण बांधीत उभीच असते. हलका धान निघाला तरी भारी उभा असतो, आणि त्यात एचएमटी हा वाण असणारच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये पटेल-३ च्या धानात तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या निवडून वर्षानुवर्षं वाढवल्या आणि वाणाला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव दिलं. पटेल-३ हे जबलपूरच्या कृषी विद्यापीठातलं संशोधन. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं दादाजींचं बियाणं नेलं आणि पीकेव्ही-एचएमटी हा वाण आणला. आम्ही वाण शुद्ध केला, असं विद्यापीठाचं म्हणणं. दादाजींची तक्रार श्रेयाची. २०१८ मध्ये ते गेले. वाद बाजूला ठेवला तरी वाट पाहण्याजोगी आहे: विद्यापीठातून शेतात, शेतातून पुन्हा विद्यापीठात. या वाटेवर प्रबंध नसलेला संशोधक कुठल्या रकान्यात लिहायचा? मानांकनाच्या तक्त्यात तरी तो रकाना आम्हाला सापडला नाही.

मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांचंही तसंच. पाळ कुठं घालायची, पाणी कसं वळवायचं हे ते बांधणाऱ्या कोहळी समाजाला ठाऊक होतं. अभ्यासक नंतर आले. झाडीबोली या इथल्या बोलीचं नशीब त्या मानानं बरं. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी तिचा अभ्यास बोलणाऱ्यांमध्ये राहूनच उभा केला.

या अंकाच्या लेखकांना आम्ही एक अट घातली: ज्यांच्याकडून माहिती घ्याल, त्यांना लेख वाचून दाखवा. अट ऐकून दोघांनी लेख परत घेतले. कोशावरच्या लेखात साडीला लागणारे दिवस लेखकानं मागावर बसल्यापासून मोजले होते. आंधळगावच्या आजोबांनी त्याला थांबवून, घरच्या बायांनी कोसे उकळून मांडीवर सूत काढलेले दिवस आधी धरायला लावले. आकडा बदलून छापला आहे.