पंपाला विमा मिळाला, दाराला कडी नाही

बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्याच्या पॅकिंग विभागात मी क्वालिटीचे काम करते. मुलगी साडेचार महिन्यांची असताना कामावर परतले. सव्वीस आठवड्यांची रजा म्हणजे ऐकायला सहा महिने, पण त्यातले सहा आठवडे बाळंतपणाआधीच संपले होते. मुलीला सांभाळायला आई उदगीरहून चंदापुऱ्याला आली आणि मी दूध काढायचा पंप घेतला. वायर नसलेला, ब्रेसियरच्या आत बसणारा, किंमत आठ हजार चारशे. कंपनीच्या ग्रुप इन्शुरन्समधून त्यातले पाच हजार परत मिळाले. नंतर एचआरचा मेल आला: हा लाभ कसा वाटला, एक ते पाचमध्ये गुण द्या. मी चार दिले. ते चार मला अजून टोचतात, म्हणून हे लिहिते आहे.

आधी पंपाबद्दल सांगते, कारण ही माहिती आपल्या बाया एकमेकींना कुजबुजूनच देतात. पंपाची ताकद नंतर बघा, आधी माप बघा. छातीला लावायची वाटी बहुतेक पंपांसोबत चोवीस मिलिमीटरची येते. मला ती मोठी होत होती. आठवडाभर दुखले, दूधही कमी आले, आणि मला वाटले माझेच दूध आटले. एकवीसची वाटी आणल्यावर तेवढ्याच वेळात जवळपास दुप्पट निघाले. आत रबराची एक छोटी चोच असते, ती सैल पडली की मोटर चालते पण ओढ लागत नाही. दर काही महिन्यांनी ती बदलावी लागते आणि तिचे पैसे विमा देत नाही. वायर नाही म्हणून वाकता येईल असे समजू नका. मी एकदा खालचा खोका उचलायला वाकले आणि सगळे दूध कुर्त्यावर सांडले. काढलेले दूध पंचवीस अंशांच्या खोलीत चार तास टिकते, फ्रिजमध्ये चार दिवस. एप्रिलमध्ये आमच्या शेडमध्ये पंचवीस अंश शोधून सापडत नाहीत.

पैसे परत मिळवायला डॉक्टरची चिठ्ठी लागली: पंप 'वैद्यकीय गरज' आहे अशी. आई कामाला जाते आणि मूल घरी राहते, ही गरज विम्याच्या भाषेत बसत नाही. विमा नियामकाने आरोग्य विम्यात सहसा न मिळणाऱ्या खर्चांची यादी करून दिली आहे, तिची सुरुवातच बेबी फूड आणि बेबी युटिलिटीजने होते. माझ्या कंपनीने वेगळे पैसे भरून ते कलम घेतले म्हणून मला पाच हजार मिळाले. एवढ्यापुरते कंपनीचे आभार.

जाहिरातीत या पंपाचा मोठा गुण सांगतात की हात मोकळे राहतात. पहिल्या आठवड्यात मलाही ते भारी वाटले. दुसऱ्या आठवड्यात सुपरवायझर म्हणाले, "तुमचं ते मशीन तर चालूच असतं ना, मग लाइनवरच थांबा." १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने आईला मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा दूध पाजण्यासाठी जादा सुट्टी दिली. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा दिली. एक यंत्र अंगावर आले आणि माझी ती सुट्टी लाइनवर विरघळून गेली. मागितल्याशिवाय परत मिळाली नाही, आणि मिळाली तीही फक्त मला.

आता फ्रिजची गोष्ट. जेवणाच्या खोलीतल्या फ्रिजवर 'ओन्ली व्हेज' असा कागद चिकटवलेला आहे. मी बाटली कापडी पिशवीत घालून खालच्या कप्प्यात ठेवायची. तिसऱ्या दिवशी पिशवी बाहेर ओट्यावर होती, दूध कोमट झालेले. कोणी काढली ते कोणी सांगितले नाही. एका सहकारी बाईंनी मात्र समजावले, "गैरसमज करून घेऊ नका, पण बॉडी फ्लुइड आहे ना, लोक इथे पूजा-उपवासवाले आहेत." त्याच फ्रिजमध्ये नंदिनीच्या पिशव्या होत्या. गाईचे चालते, बाईचे चालत नाही. आणि कोणत्या बाईचे? कामावर रुजू झाले त्याच दिवशी याच बाईंनी माझे पूर्ण नाव दोनदा विचारून घेतले होते. पिशवी जातीमुळे बाहेर आली हे मी सिद्ध करू शकत नाही. जात पावती देऊन वागत नाही, हे हा मजकूर वाचणाऱ्यांना मी काय सांगावे. मी बर्फाची पिशवी घेतली, सातशे रुपये, तेही विम्यात नाहीत.

पंप वापरायला मला जुन्या फायलींची खोली मिळाली. तिथे झाडू-फडके ठेवायला आमच्याकडची सफाई करणारी अक्का यायची. ठेकेदाराची कामगार, रायचूरकडची. पहिल्यांदा मला पंप लावलेला बघून ती लाजली नाही, थबकली. मग मोडक्या हिंदीत म्हणाली, तिचे मूल अडीच महिन्यांचे आहे, शेजारणीकडे असते, आणि दुपारी छाती दगड झाली की ती संडासात जाऊन बेसिनमध्ये दूध पिळते आणि नळ सोडते.

अडीच महिन्यांचे. तिलाही कायद्याने सव्वीस आठवडेच होते. तिच्या पगारातून ईएसआयचा पाऊण टक्का कापला जातो. पण प्रसूतीचा लाभ मिळायला आधीच्या दोन अंशदान काळांत सत्तर दिवसांची वर्गणी भरलेली लागते. मधेच ठेकेदार बदलला आणि नव्याने तिचे नाव कित्येक महिने चढवलेच नाही. काम रोज झाले, झाडू रोज लागला, कागदावर दिवस भरले नाहीत. ती दोन महिन्यांत परतली.

मी परतले तेव्हा माझी मुलगी पेज चाखायच्या वयाला टेकली होती. अक्काच्या बाळाला दुधाशिवाय दुसरे काहीच चालणारे नव्हते, आणि तेच दूध गटारात जात होते. पंपाची खरी गरज तिला, पाच हजार मला. ईएसआयच्या रोख लाभांत पंप कुठेच नाही. मनात आले, माझाच तिला द्यावा. पण हे पंप एकीनेच वापरायचे असतात, दूध आत शिरले तर मोटर उकळून घेता येत नाही. शेवटी मी तिला हाताने दाबायचा साधा पंप आणून दिला, साडेसहाशेचा. तो चांगला चालतो. खरे तर माझ्यापेक्षा तिचा बरा, आवाज नाही, चार्जिंग नाही. पण पंप असून बसायचे कुठे? फायलींची खोली 'स्टाफ'साठी आहे. तिने संडासातच बसून काढले, आणि त्या जागी काढलेले दूध बाळाला द्यायला तिचे मन धजले नाही.

हे सगळे आईला सांगितले. आई रोजगार हमीच्या खडीवर होती तेव्हा माझा भाऊ अंगावर पीत होता. तिने माझा पंप हातात घेऊन उलटासुलटा केला, म्हणाली, "आम्ही बांधाला पिळायचो, बाभळीच्या बुडात. पायाखाली येऊ नये म्हणून." मग विचारले, "त्या बाईला झाड पण नाही का?"

२८ जुलै १९२८ ला मुंबई विधान परिषदेत बाबासाहेब प्रसूतिलाभ विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विसावा मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, म्हणून भार बऱ्याच अंशी सरकारने उचलावा, आणि मालक तिच्या श्रमातून नफा घेतो म्हणून त्यानेही उचलावा, असा त्यांचा रोख होता. पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात कायदा झाला. ते मजूरमंत्री असताना प्रा. अडारकरांच्या आरोग्य विम्याच्या अहवालावर काम झाले आणि त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा उभा राहिला. म्हणजे अक्काच्या खिशातले ते कार्ड आपल्या चळवळीच्या वारशाचे आहे. आपण मात्र ग्रुप इन्शुरन्स मिळाला की ईएसआयला 'खालच्यांचा दवाखाना' म्हणून नाक मुरडतो. मीही मुरडले आहे.

काही मैत्रिणी म्हणतात, पंपाची मागणी म्हणजे भांडवलदाराचीच सोय, मागायचे तर पाळणाघर मागा. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने विमा कंपन्यांना पंपाचा खर्च द्यायला लावला, पण साऱ्या देशाला लागू असलेली पगारी प्रसूती रजा तिथे आजही नाही. रजेच्या जागी यंत्र दिले. तरीही मी पंप मागते, कारण आमच्या पाळणाघराचा फलक आहे आणि दार बंद आहे, आणि अक्काची छाती आज दुपारी भरणार आहे. ईएसआयने प्रत्येक बाळंतिणीला साधा हातपंप द्यावा, मापाच्या दोन वाट्यांसह. ठेकेदार बदलला तर राहिलेल्या वर्गणीची वसुली मुख्य मालकाकडून व्हावी, बाईची रजा अडकू नये. आणि कारखान्यात खोली द्यायची तर ती आत येणाऱ्या प्रत्येक बाईला, पगारपत्रक कुणाचेही असो.

एचआरला मी हे लिहून दिले आणि माझे चार गुण कमी करून दोन करा असेही कळवले. उत्तर आले की फॉर्म बंद झाला आहे. खोलीबद्दल मात्र तोंडी होकार मिळाला: दुपारी एक ते दोन अक्कालाही बसू द्या. अडचण एकच उरली, त्या दाराला आतून कडी नाही. ती बसते तेव्हा मी बाहेर पाठ टेकून उभी राहते, मी बसते तेव्हा ती. सुतार शनिवारी येईल, असे अॅडमिनने सांगितले आहे. परवाचा तिसरा शनिवार.